कोपऱ्यातली छडी

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात पालकांची एक बैठक भरली होती. विषय होता मुलांच्या धर्मशिक्षणाचा. परंतु अर्ध्या तासातच चर्चा वेगळ्या वाटेने गेली. एका तरुण मातेने उभे राहून धर्मगुरूंना विचारले, "फादर, मी मुलाला मारते. हे पापनिवेदनात सांगायला हवे का?" सभागृहात थोडे हसू पिकले. मागच्या बाकावरील एक आजीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले की, लेकरावर प्रेम असेल तर छडी आवरू नये असे खुद्द बायबलच सांगते. तेव्हा यात पाप कसले? फादरांनी दोघींचेही शांतपणे ऐकून घेतले. "याचा इतिहास कोणीतरी नीट पाहून सांगायला हवा," असे म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि ही जबाबदारी आमच्या अंगावर आली. पुढील काही महिन्यांत आम्ही जे वाचले, त्याचा हा वृत्तांत.

आजीबाईंचे म्हणणे प्रथम मान्य करावयास हवे. नीतिसूत्रांच्या ग्रंथात छडीचा पुरस्कार एकदा नव्हे, अनेकदा येतो (१३:२४, २२:१५, २३:१३-१४, २९:१५). बेन सिराच्या ग्रंथाचा तिसावा अध्याय तर त्याहून कठोर आहे. मूल लहान आहे तोवरच त्याची मान वाकवावी आणि बरगड्या शेकाव्यात, अशा आशयाचा सल्ला तेथे बापाला दिलेला आहे. हा ग्रंथ आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये नाही, आपल्या बायबलमध्ये आहे. म्हणजे या बाबतीत उत्तरदायित्व आपलेच काकणभर अधिक. अलीकडे काही प्रवचनकार सांगतात की, ही छडी म्हणजे मेंढपाळाची काठी समजावी. तेविसाव्या स्तोत्रात धीर देणारी जी काठी आहे, तिच्यासाठीही मूळ हिब्रूत तोच 'शेवेट' हा शब्द आला आहे. शब्द तोच आहे हे खरे. पण नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायातील वचन सरळसरळ फटक्यांविषयीच बोलते, आणि एवढ्याने मूल काही मरत नाही, असा दिलासाही बापाला देते. अडचणीचे वचन गोड करून घेण्यापेक्षा ते जसे आहे तसे समोर ठेवलेले बरे, असे आम्हांला वाटते. त्या काळी शिकवणे आणि मारणे यांत फारसा भेदच नव्हता. हिब्रूतील 'मुसार' या एकाच शब्दात शिकवण आणि शासन हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. आपल्याकडेही काय वेगळे आहे? संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत येईपर्यंत तिचा दंड झाला.

नव्या करारात सूर बदलतो. संत पौल मुलांना आज्ञाधारक राहावयास सांगतो आणि लगेच बापाकडे वळतो. मुलांना चिडीस आणू नका, असे तो इफिसकरांस बजावतो (६:४); कलस्सैकरांस लिहिताना कारणही देतो, की त्यामुळे मुले खचून जातील (३:२१). रोमन कायद्यात बापाला आपल्या अपत्यांच्या जीविताचा आणि मरणाचाही अधिकार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन छोट्या वाक्यांचे धाडस कळते. घरातल्या सर्वशक्तिमान पुरुषाला कोणीतरी सांगत होते की, मुलाच्या मनात काय चालले आहे याचाही विचार कर. अर्थात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात नीतिसूत्रांतील शासन करणाऱ्या पित्याची प्रतिमा पुन्हा येते. म्हणजे जुना सूर अगदी मावळला असे नाही. आम्हांला मात्र या संदर्भात संत लूकच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग राहून राहून आठवतो. बारा वर्षांचा येशू हरवला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. आपल्यापैकी कितीजणांचा हात त्या क्षणी आवरला असता? पवित्र मरियेने एक प्रश्न विचारला, मनातले दुःख बोलून दाखवले, आणि मुलाचे उत्तर नीटसे कळले नाही तरी ते अंतःकरणात जपून ठेवले.

आता ज्याने स्वतः मार खाल्ला आणि त्याविषयी लिहून ठेवले, अशा एका मुलाकडे वळू. संत ऑगस्टिन इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी जन्मले. आज ते गाव अल्जीरियात आहे. 'कन्फेशन्स' हा आपला आत्मनिवेदनपर ग्रंथ त्यांनी ३९७ च्या सुमारास लिहावयास घेतला. तोवर ते हिप्पोचे बिशप झाले होते, वयाची चाळिशी उलटली होती. तरीही पहिल्याच प्रकरणात त्यांना शाळेतला मार आठवतो. अक्षरे कशासाठी शिकायची हे ठाऊक नव्हते. पण मागे पडले की फटके बसत. मोठ्या माणसांना यात काहीच गैर वाटत नसे, कारण तेही याच वाटेने आलेले. त्या बालवयात ऑगस्टिननी प्रार्थना कशी शिकली, तर शाळेत मार बसू नये म्हणून. ही त्यांच्या आयुष्यातील पहिली प्रार्थना असावी, असे आम्हांला वाचताना वाटले. ती ऐकली गेली नाही. अंगावरचे वळ पाहून घरची वडीलधारी मंडळी हसत. ज्यांना मुलाचे वाईट व्हावे असे मुळीच वाटत नव्हते ते आईवडीलही हसत. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र ते वळ म्हणजे मोठ्या माणसांना ज्यांची धास्ती वाटते त्या छळयंत्रांइतकेच भयंकर होते.

हे वाचून आमच्या मनात आमच्या बैठकीतले हसू आले. ज्या आईने पुढे लेकासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, त्या संत मोनिकेलाही त्या वेळी त्या वळांचे हसू यावे! याच ग्रंथाच्या नवव्या भागात ऑगस्टिन आपल्या आईच्या शेजारणींविषयी सांगतात. त्यांचे नवरे पात्रिसियसहून सौम्य स्वभावाचे होते, तरी त्यांच्या चेहऱ्यांवर माराच्या खुणा असत. मोनिकेच्या चेहऱ्यावर तशी खूण कोणी कधी पाहिली नाही. स्वतः मार न खाता संतापी नवऱ्याला शांत करण्याची कला जिला साधली होती, तिलाही शाळेतला मार जगाच्या रीतीचाच भाग वाटला. रीत ही अशी चांगल्या माणसांच्याही डोळ्यांवर येते.

ऑगस्टिन आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवतात. लॅटिन ही त्यांची घरची भाषा. दायांच्या लाडात, हसत खेळत ती आपोआप आली. ग्रीक मात्र धाक आणि शिक्षा यांच्या जोरावर शिकवली गेली आणि तिचा त्यांना कायमचा तिटकारा बसला. यावरून ते अनुमान काढतात की, शिकण्याच्या कामी भीतीपेक्षा मोकळ्या कुतूहलाचे बळ मोठे असते. येथेच थांबून आम्ही ऑगस्टिनना छडीचे विरोधक ठरवले असते तर ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. लगेच पुढे ते म्हणतात की, भरकटणाऱ्या कुतूहलाला आवर घालणारा धाकही देवाच्याच व्यवस्थेतला आहे. ४१२ साली मार्सेलिनस या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तर, आरोपींकडून कबुली घेताना त्याने अघोरी यातनांऐवजी फक्त छड्यांचा वापर केला, याबद्दल ते त्याची प्रशंसा करतात; छडी काय, शिक्षक वापरतात, आईबाप वापरतात, बिशपही वापरतात, असा त्यांचा सूर आहे. मुलगा म्हणून जे कळले ते बिशप म्हणून पूर्णपणे पेलले नाही, असेच म्हणावे लागते. विशेष म्हणजे त्यांच्या तीनशे वर्षे आधी क्विंटिलियन या ख्रिस्ती नसलेल्या रोमन शिक्षकाने शाळेतल्या माराला स्पष्ट विरोध केला होता. मारणे गुलामांना शोभते, आणि मारानेच वळलेल्या मुलाला तो मोठा होऊन मार संपला की काय कराल, असा त्याचा प्रश्न होता.

सहाव्या शतकाच्या मध्यास संत बेनेडिक्टनी मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिने पुढे कित्येक शतके युरोपातील मठजीवन घडवले. त्या काळी आईबाप लहान मुले मठाला अर्पण करीत. त्यामुळे संन्याशांच्या नियमांत मुलांचाही विचार करावा लागला. तिसाव्या प्रकरणात बेनेडिक्ट सांगतात की, बहिष्काराची शिक्षा ज्यांना समजत नाही अशा मुलांना कडक उपवास किंवा फटके द्यावेत. पण सत्तराव्या प्रकरणात एक वेगळेच कलम आहे. पंधरा वर्षांखालील मुलांवर सर्वांनी लक्ष ठेवावे, मात्र तारतम्य राखून. आणि जो कोणी मुलांवर अविवेकाने रागावेल, त्यालाच मठाच्या नियमाप्रमाणे शिक्षा व्हावी. मारणाऱ्यालाही जबाबदार धरणारे असे कलम आपल्या घरांत कधी होते का?

अकराव्या शतकात फ्रान्समध्ये गिबेर नावाचा एक मुलगा होता. पुढे तो नोजाँच्या मठाचा मठाधिपती झाला आणि १११५ च्या सुमारास त्याने आपली जीवनकथा लिहिली. तो तान्हा असतानाच बाप वारला. आईने त्याला धर्मगुरू करण्याच्या इच्छेने घरी एक शिक्षक ठेवला. हा शिक्षक स्वतःच व्याकरणात कच्चा, आणि जे आपल्याला शिकवता येत नाही ते मुलाला येत नाही म्हणून रोज मारणारा. सहा वर्षांत पदरात जवळजवळ काही पडले नाही. एके दिवशी नेहमीहून जास्त मार खाऊन गिबेर आईच्या पायाशी येऊन बसला. आईने विचारले, आज मारले का? चहाडखोर ठरू नये म्हणून त्याने नाही म्हटले. आईने सदरा वर केला. दंड काळेनिळे पडले होते, पाठ फोकांनी सुजली होती. ती रडू लागली आणि म्हणाली की, असे सोसून तुला धर्मगुरू व्हायचे नाही. त्यापेक्षा मोठा झालास की शस्त्रे आणि घोडा घेऊन देते, शिपाईगिरी कर. मुलाने उत्तर दिले की, मेलो तरी शिकणे सोडणार नाही, धर्मगुरूच होणार.

या कथेचा उपयोग छडीचा कैवार घेण्यासाठीही होऊ शकतो, हे आम्ही जाणतो. मार खाल्ला आणि मोठा विद्वान झाला! आमच्याच बैठकीत एकाने असे सांगितलेच: "आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो." पण गिबेर स्वतः तसे म्हणत नाही. तो लिहितो की, शिक्षकाचे त्याच्यावर प्रेम होते, अगदी खरे प्रेम होते; आणि त्याचेही शिक्षकावर होते. मात्र ते प्रेम क्रूर होते. बुद्धीलाही विसावा लागतो, देवाने दिवसाबरोबर रात्र दिली ती उगाच नव्हे, हे त्या शिक्षकाला कळले नाही. जे काही आपल्या हाती लागले ते माराने लागले, असे गिबेरने कोठेही लिहिलेले नाही. त्याची बुद्धी खऱ्या अर्थाने जागी केली ती दुसऱ्याच एका माणसाने. जवळच्या बेक मठाचा एक संन्यासी गिबेरच्या मठात अधूनमधून येत असे आणि त्या तरुणाला जवळ बसवून मनाचे व्यापार कसे चालतात ते समजावून देत असे. त्याचे नाव अँसेल्म.

संत अँसेल्म यांचा जन्म १०३३ चा, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या आओस्ता गावातला. बापाच्या कठोरपणाला कंटाळून त्यांनी तरुणपणीच घर सोडले होते. पुढे ते बेकचे मठाधिपती आणि १०९३ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच्या त्यांच्या युक्तिवादावर आजही तत्त्वज्ञ वाद घालतात. त्यांचे चरित्र त्यांचा सहवासी एडमर याने लिहिले. त्यात एक संवाद आहे, तो आपल्या प्रत्येक पालकसभेत वाचला जावा असे आम्हांला वाटते.

एक मठाधिपती, मोठे धार्मिक म्हणून नावाजलेले, अँसेल्मकडे गाऱ्हाणे घेऊन आले. मठातली मुले वाया गेली आहेत. आम्ही त्यांना रात्रंदिवस मारतो, तरी ती दिवसेंदिवस बिघडतच चालली आहेत. अँसेल्मनी आश्चर्याने विचारले की, मारणे कधी थांबवतच नाही का? आणि ही मुले मोठी झाल्यावर कशी निघतात? मठाधिपती म्हणाले, मठ्ठ आणि पशुवत. तेव्हा अँसेल्म उद्गारले की, एवढा खर्च करून तुम्ही माणसांचे पशू घडवता आहात. बिचारे मठाधिपती गोंधळले. आम्ही तरी काय करावे? ती सुधारावीत म्हणून सर्व बाजूंनी आवळतो, तरी उपयोग होत नाही. आवळता? अँसेल्मनी त्यांना एक दाखला दिला. तुम्ही बागेत रोप लावले आणि त्याला फांदीही पसरता येऊ नये असे चहूबाजूंनी कोंडले, तर काही वर्षांनी कोंडमारा काढल्यावर कोणते झाड दिसेल? वेड्यावाकड्या, गुंतलेल्या फांद्यांचे, निरुपयोगी. दोष कोणाचा? ही मुले देवाच्या बागेत लावलेली आहेत. तुम्ही त्यांना धाक, धमक्या आणि फटके यांनी कोंडता. त्यामुळे त्यांच्या मनात काटेरी विचार वाढतात. तुमच्याकडून प्रेमाचा, दयेचा कसलाही अनुभव त्यांना येत नाही. म्हणून तुम्ही जे जे करता ते द्वेषापोटीच, असे ती धरून चालतात. शरीर वाढते तसा तो संशयही वाढतो. मग अँसेल्मनी विचारले की, ती माणसे नाहीत का? तुमच्यासारखीच नाहीत का? त्यांच्या जागी तुम्ही असता तर? सोनार सोन्याच्या पत्र्यातून मूर्ती काढतो, तो नुसते घाव घालून काढतो का? तो हलकेच दाबतो, हलकेच उचलतो, आकार देतो. एडमर लिहितो की, हे ऐकून मठाधिपती अँसेल्मच्या पायांवर पडले आणि आपले चुकले असे त्यांनी कबूल केले.

या संवादातील एका मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या मठाधिपतींचे मुलांवर प्रेम होते की नव्हते, याची चौकशी अँसेल्म करीत नाहीत. प्रेम असेलही. ते मुलांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच ते दाखवून देतात. गिबेरच्या शिक्षकाचेही नेमके तेच झाले होते. छडीच्या समर्थनार्थ आपण नेहमी म्हणतो, "मी काय वैरी आहे का त्याचा? त्याच्या भल्यासाठीच मारतो." नीतिसूत्रांचा आधारही हाच आहे. त्यावर या अकराव्या शतकातल्या संताचे उत्तर असे की, तुझ्या मनात काय आहे हे देवाला दिसते, मुलाला नाही. मुलाला फक्त हात दिसतो.

अँसेल्मच्या या बोलण्याने युरोपातील छड्या मोडल्या असे मात्र झाले नाही. येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी 'रात्सिओ स्तुदियोरुम' ही प्रसिद्ध शिक्षणसंहिता निश्चित केली. तीत शिक्षकाला सांगितले आहे की, शिक्षेची घाई करू नये, दोष फार उकरू नयेत, जमेल तेथे काणाडोळा करावा, शब्दाने अपमान करू नये, विद्यार्थ्याला नावानेच हाक मारावी, आणि स्वतः कोणावरही हात टाकू नये. येथवर वाचून आम्हांला आनंद झाला. पण मारणे आवश्यकच झाले तर त्यासाठी संघाबाहेरचा एक माणूस नेमावा, असेही तीत आहे. फादरांचे हात निर्मळ राहिले, पाठ मात्र त्याच मुलाची! तरीही ही तरतूद आम्हांला बोलकी वाटते. जे काम धर्मगुरूच्या हाताला शोभत नाही असे संहितेला वाटले, ते आईबापांच्या हाताला कसे शोभावे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही इतकेच.

तो विचारला गेला एका शेतकऱ्याच्या घरात. डॉन बॉस्को यांचा जन्म १८१५ मध्ये, इटलीतील बेक्की या वाडीवर झाला. दोन वर्षांचे असताना वडील वारले. आई मार्गारीता अक्षरशत्रू, कष्टाळू आणि करारी बाई. त्यांचे चरित्रकार लेमॉइन यांनी नोंदवले आहे की, तिच्या घरात एका कोपऱ्यात छडी ठेवलेली असे. लहानग्या जॉनने काही आगळीक केली की आई म्हणे, ती छडी आण पाहू. कशाला, असे मुलगा विचारी. आण म्हणजे कळेल. मुलगा शब्द देई की, पुन्हा असे करणार नाही. आई हसे, आणि छडी कोपऱ्यातच राही. एकदा त्याच्या हातून तेलाचे भांडे फुटले. आई बाजाराहून येण्यापूर्वी त्याने कुंपणाची एक फांदी तोडली, चाकूने छान नक्षीदार सोलली, आणि आईच्या हातात देऊन घडले ते सांगितले. तिलाही हसू आले. ही बाई मुळीच लाडावणारी नव्हती. तिची शिस्त कडक होती. पण मुलगा तिच्यापाशी दोष घेऊन येत होता, दोष घेऊन तिच्यापासून पळत नव्हता. घरात मार नव्हता असेही नाही. सावत्र भाऊ अंतोनियोला जॉनची पुस्तके खपत नसत आणि त्याचा हात चाले. शेवटी आईने जॉनला काही काळ दुसऱ्यांच्या शेतावर कामाला पाठवले. म्हणजे घरातल्या कठोरपणामुळे घर सोडावे लागणे हे अँसेल्मप्रमाणे डॉन बॉस्कोंच्याही वाट्याला आले.

नवव्या वर्षी त्यांना पडलेले स्वप्न आपल्या वाचकांना परिचित आहे. अंगणात मुले खेळत होती, काही अपशब्द बोलत होती. जॉन त्यांच्यावर ठोसे घेऊन धावला, आणि एका तेजस्वी पुरुषाने त्याला अडवून सांगितले की, यांना माराने नव्हे, सौम्यतेने आणि प्रेमाने जिंकायचे आहे. स्वप्नाइतकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट ८ डिसेंबर १८४१ ची. डॉन बॉस्कोंना धर्मगुरू होऊन सहाच महिने झाले होते. निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी तुरीनमधील एका चर्चच्या सॅक्रिस्टीत ते मिस्सेची वस्त्रे परिधान करीत होते. एक पोरसवदा गवंडी दारात घुटमळत होता. सॅक्रिस्टनने त्याला मिस्सेला सेवा करायला सांगितले. त्याला ते येत नव्हते. सॅक्रिस्टन संतापला आणि त्याने झटकणीच्या दांड्याने त्याला बडवून पिटाळले. डॉन बॉस्को ओरडले की, त्याला का मारतोस? तो माझा मित्र आहे, त्याला परत बोलाव. मुलगा परत आला. बार्तोलोमेओ गारेल्ली त्याचे नाव. आईबाप नाहीत, लिहितावाचता येत नाही, प्रथम ख्रिस्तप्रसादही झालेला नाही. मिस्सेनंतर डॉन बॉस्कोंनी त्याला क्रुसाची खूण करावयास शिकवली. पुढे तो आपल्यासारखीच इतर मुले घेऊन आला. १९२८ पासून मुंबईत काम करणाऱ्या आणि जगभर शाळा चालवणाऱ्या सालेशियन संस्थेची सुरुवात स्वतः डॉन बॉस्को या प्रसंगापासून मोजत असत. चर्चच्या सेवकाने चर्चमध्येच मारलेल्या एका मुलापासून!

१८७७ मध्ये त्यांनी आपली 'प्रतिबंधक पद्धती' लिहून काढली. विवेक, धर्म आणि ममता हे तिचे तीन आधार. कोणत्याही प्रकारे मारणे, त्रासदायक स्थितीत गुडघे टेकायला लावणे, कान ओढणे हे सर्व पूर्णतः टाळावे, असे त्यांनी स्पष्टच लिहिले. त्याने मूल चिडते आणि शिक्षक हीन होतो. शिक्षा नसावी असे त्यांचे म्हणणे नव्हते. प्रेमाने पाहणाऱ्याने एकदा प्रेमाने पाहिले नाही, हीदेखील मुलाला शिक्षाच असते, असे ते सांगत. १० मे १८८४ रोजी रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना कळवले की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे. अँसेल्मनंतर आठशे वर्षांनी तेच निदान पुन्हा झाले.

कायद्याचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. १९७९ मध्ये स्वीडनने घरातही मुलांना मारण्यास बंदी घातली. त्यानंतर साठाहून अधिक देशांनी तसे केले. संयुक्त राष्ट्रसंघाचा बालहक्क करार १९८९ चा. व्हॅटिकनने तो १९९० मध्ये आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. मात्र २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. म्हणजे ज्या शाळांच्या दारावर संतांची नावे आहेत, त्या त्या मनाईच्या कक्षेबाहेर ठरल्या! या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२५ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयातच उपस्थित झाला. त्याचे काय व्हायचे ते होवो. डॉन बॉस्कोंच्या नावाने चालणाऱ्या शाळेत छडी नसण्यासाठी संसदेचा कायदा लागावा, ही कल्पनाच आम्हांला लाजिरवाणी वाटते. आणि घराचे काय? आपल्या देशात घरातील माराला थेट मनाई करणारा कायदा झालेला नाही.

ख्रिस्तसभेतही हा प्रश्न मिटलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी ४ फेब्रुवारी २०१५ च्या जाहीर भेटीत एका बापाची गोष्ट सांगितली. तो कधीकधी मुलांना मारतो, पण त्यांचा अपमान होऊ नये म्हणून तोंडावर कधीच मारत नाही. पोप महाशयांनी त्याच्या या जाणिवेचे कौतुक केले आणि जगभर वाद उसळला. अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी त्यांनीच नेमलेल्या आयोगातील मंडळींनाही ते रुचले नाही. तेथे मुलाच्या प्रतिष्ठेचा विचार होता, हे आम्ही नाकारत नाही. पण प्रतिष्ठा फक्त चेहऱ्यातच असते का? १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २२२३ वा परिच्छेद पाहावा. त्यात बेन सिराचे छडीचे वचन आहे आणि त्याला लागूनच, मुलांना चिडीस आणू नका, हे पौलाचे वचनही आहे. आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटले ते या वचनांच्या आधीचे विधान. जे आईबाप आपले दोष मुलांपुढे मान्य करू शकतात, त्यांना मुलांना वळण लावणे अधिक चांगले साधते, अशा अर्थाचे ते आहे.

त्या तरुण मातेच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आमचा नाही, तो फादरांचा. पण आम्ही स्वतः या बाबतीत निर्दोष नाही, एवढे सांगावयास हवे. आमच्या लहानपणी वडील शाळेत येऊन मास्तरांना म्हणत, "खुशाल मारा, माझी ना नाही." तीच रीत आम्ही पुढे चालवली. थोरला मुलगा दहा वर्षांचा असताना, त्याने न केलेल्या एका चोरीसाठी आम्ही त्याला चिंचेच्या फोकाने मारले. चार आण्यांचा प्रश्न होता. पैसे दोन दिवसांनी आमच्याच दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात सापडले. त्या शनिवारी आम्ही पापनिवेदनाला गेलो आणि हे सांगितले. पडद्याआडच्या वृद्ध धर्मगुरूंनी एकच प्रश्न विचारला, "मुलाला सांगितले का?"

आम्ही सांगितले नव्हते. घरी आलो तेव्हा तो ओटीवर भोवऱ्याला जाळी गुंडाळत बसला होता. त्याच्याशेजारी बसून आम्ही जे सांगायचे ते सांगितले. त्याने खाली मान घालून ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग विचारले, "आता मी खेळायला जाऊ?"